वैशाखातला गड आणि मुका सोबती

वैशाख लागला की उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर दुपारच्या वेळी एक विलक्षण निःस्तब्धता पसरते. नवापूर, उच्छेळी, दांडी या मच्छीमार गावांत बारा वाजल्यानंतर वाळूवर सहसा माणूस दिसत नाही. जाळी विणणारे हात घराच्या पडवीत जातात, सुकायला घातलेल्या बोंबलांवर लक्ष ठेवणारी म्हातारी माणसे सावली धरतात आणि गावातली कुत्री ओढून ठेवलेल्या होड्यांखाली ओलसर वाळू उकरून तिच्यात पोट टेकून पडून राहतात. त्यांना हे कोणी शिकवलेले नसते. ज्या उन्हात जन्मभर राहावयाचे त्या उन्हाचे कायदे त्यांना उपजत ठाऊक असतात. येथून तासाभराच्या अंतरावर मात्र याच वेळी एक वेगळे दृश्य दिसू लागले आहे. उन्हाळी सुटी आणि जोडून आलेले रविवार साधून मुंबई, वसई-विरार आणि बोईसर या बाजूंची तरुण मंडळी अशेरी, काळदुर्ग, कोहोज, तांदुळवाडी या गडांच्या वाटेला लागतात, आणि त्यांतील काहींच्या हातात घरच्या पाळीव कुत्र्याची दोरी असते. सकाळी मोटारीतून निघालेली ही मंडळी पायथ्याशी पोहोचेपर्यंत नऊ-दहा वाजतात आणि चढ ऐन भरात येतो तो भर दुपारी. गावचा कुत्रा होडीखाली निजलेला असतो त्याच घटकेला शहरातला कुत्रा तापलेल्या कातळावरून धन्याच्या मागे धापा टाकीत चालत असतो.

गड पाहण्याच्या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. उलट, पोर्तुगीजांचे राजचिन्ह कोरलेला दगड अजून जेथे पडून आहे तो अशेरी, किंवा वाऱ्यापावसाने माणसाचा आकार दिलेल्या सुळक्यामुळे दुरूनही ओळखू येणारा कोहोज, या ठिकाणी तरुण पिढीची पावले वळतात ही आनंदाचीच गोष्ट आहे. सोबतीला कुत्रा न्यावा असे वाटण्यामागेही प्रेमच असते. परंतु प्रेमाला ज्ञानाची जोड नसेल तर त्यातून क्रौर्य घडू शकते, आणि ते हेतुपूर्वक केलेले नसल्यामुळे त्याची बोच कोणाला लागत नाही. म्हणूनच या विषयाचा विचार केवळ हळव्या प्राणिप्रेमाच्या पातळीवर न करता शरीरशास्त्र, हवामान आणि कायदा या तिन्ही अंगांनी केला पाहिजे.

माणूस आणि कुत्रा यांच्या शरीररचनेत उन्हाच्या संदर्भात एक मूलभूत फरक आहे. माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि त्या घामाची वाफ होताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. कुत्र्याला घर्मग्रंथी आहेत त्या मुख्यतः पंजांच्या गाद्यांपाशी, आणि त्यांचा अंग थंड ठेवण्याच्या कामी उपयोग नाममात्रच असतो. त्याचा सारा भार धापेवर असतो. जीभ बाहेर काढून, एरवी मिनिटाला वीस-तीस असणारा श्वास तीनशेच्याही पुढे नेऊन, तो तोंड, जीभ आणि नाकातील ओलाव्याची वाफ करतो. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच माणसापेक्षा अधिक, म्हणजे ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या घरात असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की मेंदू, यकृत, मूत्रपिंड आणि आतडी यांना इजा होऊ लागते. सुरक्षित आणि घातक यांच्यामधली ही पट्टी अवघी दोन अंशांची आहे. चढावर धावणाऱ्या स्नायूंतून निर्माण होणारी उष्णता ती पट्टी किती लवकर ओलांडीत असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

त्यातही कोकणपट्टीची गोष्ट आणखी निराळी आहे. आमच्याकडे पारा विदर्भासारखा पंचेचाळिशीला जात नाही, तेव्हा आमचे ऊन सौम्य, असा एक समज रूढ आहे. तो समज जितका सुखद तितकाच घातक आहे. वाफ होण्यासाठी हवा कोरडी असावी लागते. समुद्राकाठची हवा बाष्पाने आधीच भरलेली असते, त्यामुळे माणसाचा घाम अंगावरच राहतो आणि कुत्र्याची धाप व्यर्थ जाते. इतकेच नव्हे, तर धाप लागणे हे स्वतःच स्नायूंचे कष्ट असल्याने त्यातून उष्णतेची भरच पडते. भारतीय हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचे निकष ठरविताना ही गोष्ट ध्यानात घेतलेली आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असल्याखेरीज लाटेचा विचार होत नाही. किनाऱ्यावर मात्र ते ३७ अंशांवर गेले आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक झाले, तर ती लाट मानली जाते. पुन्हा हे आकडे सावलीतल्या, वारा खेळता ठेवणाऱ्या लाकडी पेटीतल्या तापमापकाचे असतात. उन्हातल्या काळ्या कातळाचे आणि डांबरी रस्त्याचे तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. बुटांतून चालणाऱ्या माणसाला ते कळत नाही. कुत्रा त्यावर अनवाणी चालतो, आणि त्याचे पोट जमिनीपासून वीतभर किंवा हातभरच उंच असते.

उंचावर गेल्यावर हवा थंड लागेल ही अपेक्षाही येथे फोल ठरते. काळदुर्ग किंवा अशेरी यांची उंची दीड ते पावणेदोन हजार फुटांच्या आसपास. एवढ्या उंचीने तापमान फार तर तीन अंशांनी उतरते, आणि ती सवलत निष्पर्ण झाडी आणि उघडे कडे केव्हाच हिरावून घेतात. साग आणि इतर पानझडी वृक्षांच्या या रानात उन्हाळ्यात सावली अशी उरत नाही. गडांवरची खोदीव टाकी मे महिन्यात आटतात किंवा तळाशी शेवाळलेले पाणी राखून असतात. पायथ्याच्या पाड्यांतील विहिरींचीही स्थिती वेगळी नसते. ज्या जिल्ह्यात मोखाडा-जव्हारच्या आदिवासी स्त्रिया उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलोगणती चालतात, त्या जिल्ह्यात शहरातून आलेल्या मंडळींनी आपल्या कुत्र्यासाठी पाड्यावर पाणी मागावे हे शोभणारे नाही. पंचवीस किलो वजनाच्या कुत्र्याला बसून राहिले तरी दिवसाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागते. उन्हातल्या चढावर ते दुप्पट किंवा त्याहूनही अधिक लागेल. हे ओझे पाठीवर घेण्याची तयारी नसेल, तर कुत्र्याला बरोबर घेण्याचाही अधिकार नाही. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी वाटेतल्या कोणत्याही डबक्याला तोंड लावतो. औद्योगिक वसाहतीच्या शेजारधर्माने ज्या परिसरातले नाले गेली कित्येक वर्षे तक्रारींचा विषय झालेले आहेत, तेथे तर ही जोखीम दुहेरी आहे.

यावर कोणी म्हणेल की, कुत्र्याला त्रास होऊ लागला तर तो आपण होऊन थांबेल. गावचा कुत्रा कदाचित थांबेलही, कारण तो कोणाचा बांधील नसतो. पाळलेला कुत्रा थांबत नाही. हजारो वर्षांच्या सहवासात आपणच त्याच्या रक्तात भिनवलेला गुण हा की, धनी चालत असेल तोवर त्याने चालावयाचे. ज्या निष्ठेचे आपण गोडवे गातो तीच निष्ठा अशा वेळी त्याचा घात करते. ब्रिटनमध्ये नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी ही गोष्ट आकड्यांनी दाखवून दिली. उष्माघाताची कारणे जेथे समजली त्या प्रकरणांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश प्रकरणे श्रमामुळे, म्हणजे उन्हात चालण्या-धावण्यामुळे उद्भवलेली होती. बंद मोटारीत कोंडले गेल्यामुळे उद्भवलेली त्या मानाने फार थोडी होती. आणि उष्माघात झालेल्या दर सात कुत्र्यांपैकी साधारण एक दगावला. हा अनुभव ब्रिटनसारख्या थंड देशाचा आहे. पालघरच्या मे महिन्यात त्यातून काय बोध घ्यावयाचा हे सांगण्याची आवश्यकता नाही.

जातिवंत कुत्र्यांच्या हौसेने या संकटात भरच घातली आहे. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागोमाग जाईल तेथे जाणारा चपट्या नाकाचा ‘पग’ घराघरांत पोहोचला आणि त्या जातीला शहरांतून एकाएकी मागणी आली. विरोधाभास असा की, कोठेही मागोमाग जाण्याची क्षमता ज्या जातींत सर्वांत कमी, त्यांत हा पग येतो. चपटे नाक म्हणजे अरुंद श्वासमार्ग, आणि जेथे श्वास हाच शरीर थंड करण्याचा एकमेव मार्ग तेथे अरुंद श्वासमार्ग म्हणजे मरणाला निमंत्रण. बुलडॉग आणि शिह-त्सू यांची तीच कथा. सैबेरियाच्या बर्फातून आलेला हस्की आणि आल्प्स पर्वतातला सेंट बर्नार्ड यांना कोकणात आणणे हेच मुळात धाडस. त्यांना वैशाखात गडावर नेण्यास दुसरा शब्द योजावा लागेल. लॅब्राडोरसारखी दणकट दिसणारी जातही, दिवसभर वातानुकूलित सदनिकेत राहून आणि खाऊन सुस्तावलेली असेल, तर या कसोटीस उतरत नाही. उन्हाची सवय व्हावयास शरीराला काही आठवडे लागतात. ती एका रविवारी होत नाही.

संकट ओढवलेच तर ते ओळखावे कसे, हे प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. थांबल्यावरही न ओसरणारी धाप, चिकट तारेसारखी लाळ, लालभडक झालेल्या हिरड्या, पाय लटपटणे, हाकेला ओ न देणे, उलटी किंवा रक्तमिश्रित जुलाब, आणि अखेर झटके किंवा शुद्ध हरपणे, हा त्याचा क्रम. पहिल्या दोन खुणा दिसताच चालणे थांबवून सावली गाठली पाहिजे. जवळचे सारे पाणी त्याच्या अंगावर, विशेषतः पोटावर, जांघांत आणि पायांवर ओतावे आणि कापडाने किंवा टोपीने वारा घालीत राहावे. ओला पंचा अंगावर गुंडाळून ठेवणे मात्र घातुक. तो थोड्याच वेळात तापतो आणि आतली उष्णता आतच कोंडतो. शुद्ध हरपत असलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसांत जाते. माणसाच्या तापाच्या गोळ्या तर चुकूनही देऊ नयेत. अंग थंड करणे आधी आणि दवाखान्याकडे धावणे नंतर, हा पशुवैद्यकाने आज मान्य केलेला क्रम आहे. तरीही दवाखाना चुकवता येत नाही. कारण वरवर सावरलेल्या कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होणे किंवा रक्त गोठण्याची क्रिया बिघडणे हे एक-दोन दिवसांनीही घडू शकते.

आणि दवाखाना आहे कोठे? ग्रामीण भागातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची रचना मुख्यत्वे गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी आहे, आणि ते योग्यही आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय पालघरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास दूर आहे, आणि मधे अहमदाबाद महामार्गावरची रविवार सायंकाळची गर्दी आहे. ज्या रोगात मिनिटे मोजावी लागतात त्या रोगाला हे अंतर परवडणारे नाही. पंचवीस-तीस किलोचा निश्चेष्ट जीव खांद्यावर घेऊन घसरड्या मुरमाच्या वाटेने गड उतरण्याचा प्रसंग आला, तर बरोबरच्या माणसांपैकीही कोणी उष्माघाताने कोसळणार नाही याची शाश्वती देता येत नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. माणसांचे हाल कुत्रा खात नाही अशी म्हण ज्या समाजात आहे तेथे कुत्र्याच्या हालांवर रकाने भरून कोणाचे भले होणार? आक्षेप वरवर बिनतोड वाटला तरी त्यामागचा तर्क लंगडा आहे. मुक्या प्राण्याच्या तहानेविषयी बेफिकीर असणारा समाज माणसाच्या तहानेविषयी दक्ष असतो असा अनुभव नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि त्यानंतर उष्माघाताने १४ श्रीसदस्यांचा मृत्यू ओढवला. तीही सारी श्रद्धेने आलेली, उठून न जाणारी माणसे होती. त्या दिवशीचे तापमान मैदानी महाराष्ट्राच्या मानाने काही असामान्य नव्हते. समुद्राची दमट हवा आणि डोक्यावरचे छप्परहीन आभाळ एवढे पुरेसे ठरले. त्यानंतर दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. निष्ठावंताने आपण होऊन उठून जावे ही अपेक्षा चुकीची असते, वेळ ठरविणाऱ्यानेच ती नीट ठरवावी लागते, हा खारघरचा धडा आहे. तो माणसाला जितका लागू, तितकाच दोरीच्या टोकाला असलेल्या प्राण्यालाही लागू आहे. तारापूरच्या कारखान्यांबाहेर भर उन्हात माल चढविणाऱ्या हमालाला आणि रस्त्याचे डांबर पसरणाऱ्या मजुराला तर तो सर्वांआधी लागू आहे.

गमतीची गोष्ट अशी की, या बाबतीत आपला कायदा बैलाच्या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा निघाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांतून १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला, आणि त्याखाली १९६५ साली ओढकाम करणाऱ्या व ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम करण्यात आले. जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत अशा जनावराला कामाला जुंपू नये, असे ते नियम सांगतात. किनाऱ्यासाठी हवामान खात्याने लाटेचा जो उंबरठा मानला तो आणि हा आकडा एकच असावा, हा केवळ योगायोग असला तरी बोलका आहे. साठ वर्षांपूर्वी बैलाला, रेड्याला आणि गाढवाला मिळालेली ही दुपारची सुटी कुत्र्याला मिळालेली नाही, कारण तो ओझे वाहत नाही; तो आपल्या हौसेचा सोबती आहे. मूळ कायद्याने पुरेसे पाणी आणि निवारा न देणे हा गुन्हा मानला खरा, परंतु पहिल्या गुन्ह्याला ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा. पन्नास रुपयांत आज गडाच्या पायथ्याला एक शहाळेही मिळत नाही. अर्थात, दंड वाढवून हा प्रश्न सुटेल असे मानण्याचे कारण नाही. काळदुर्गाच्या वाटेवर पोलिस उभा करता येत नाही, आणि करूही नये. हे काम विवेकाचे आणि गिरिभ्रमण संस्थांचे आहे.

या संस्थांनी आजवर महाराष्ट्रात पुष्कळ चांगल्या प्रथा पाडल्या आहेत. गडावर कचरा न करण्यापासून बचावपथके उभारण्यापर्यंत त्यांचे कार्य नावाजण्याजोगे आहे. त्याच परंपरेत त्यांनी आणखी एक दंडक घालून घ्यावा: होळीपासून पहिल्या पावसापर्यंत आपल्या कोणत्याही मोहिमेत पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही. ज्यांना वैयक्तिक रीत्या जावयाचेच असेल त्यांनी पहाट फुटण्यापूर्वी चढावयास लागावे आणि नऊच्या आत पायथा गाठावा. तळहाताची मागची बाजू कातळावर सात-आठ सेकंद ठेवून पाहावी आणि ती ठेववत नसेल तर तेथूनच परतावे. ऑक्टोबरातले ऊनही याच न्यायाने वागते हे विसरू नये. हिवाळ्याचे तीन-चार महिने गड कोठे पळून जात नाहीत. आणि वाघोबा खिंडीच्या नावातच ज्या रानाचा मालक सांगितलेला आहे, ज्या वाघोबाला वारली समाज पिढ्यानपिढ्या पुजत आला आहे, त्या रानात कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे, ही जाणीवही सर्व ऋतूंत असलेली बरी.

कुत्रा बरोबर नेण्याचे समर्थन करताना युधिष्ठिराचा दाखला दिला जातो. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि चौघे भाऊ एकामागून एक गळून पडले. अखेरपर्यंत सोबत राहिला तो एक कुत्रा, आणि त्याला टाकून स्वर्गात येण्यास धर्मराजाने नकार दिला. कथा थोर आहे. परंतु तिचा बोध, कुत्र्याला कोठेही न्यावे असा नाही. आपल्या आश्रयाला आलेल्याचा स्वतःच्या सुखासाठी त्याग करू नये, असा तो आहे. शिखरावर उभे राहून काढलेल्या छायाचित्रासाठी त्याचा जीव पणाला लावणे हाही त्यागच आहे. आणि त्या दिवशी त्याला घरच्या गार फरशीवर, पाण्याच्या भांड्याजवळ ठेवून जाणे हे त्याला न टाकणे आहे. मराठी माणसाला याहून जवळची कथा पैठणच्या एकनाथांची आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहण्यासाठी नेत असता तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव त्यांना दिसले आणि नाथांनी ती कावड त्याच्या मुखात रिती केली. इतक्या लांबच्या यात्रेचे पुण्य एका मुक्या जीवाच्या तहानेपुढे त्यांना थोडे वाटले. आपल्याकडून कोणी कावडीची अपेक्षा करीत नाही. अपेक्षा एवढीच की, ज्या वाळूत नवापूरचा कुत्रासुद्धा बारा वाजता पाऊल टाकीत नाही, त्या वेळेला आपल्या कुत्र्याची दोरी खुंटीवरच राहू द्यावी.